तंबूतली एक रात्र: चौघांच्या कुटुंबाला खरोखर किती पडते?

जाहिरातीत ठळक अक्षरांत असतं: ‘तळ्याकाठी कॅम्पिंग, माणशी ९९९ रुपये’. चौघांचं कुटुंब चार हजारांचा अंदाज बांधून निघतं आणि घरी पोचेपर्यंत नऊ-दहा हजार गेलेले असतात. दर वेळी कॅम्पवाल्यानं फसवलेलं असतं असं नाही. तंबूचे पैसे हा या सहलीच्या खर्चाचा निम्म्याहून लहान भाग असतो, आणि आपण मात्र तेवढाच आकडा धरून बसतो.

म्हणून हा लेख पूर्ण हिशेबाचा. उदाहरणासाठी ठाण्यात राहणारं एक कुटुंब घेऊ: आई-वडील, बारा वर्षांचा मुलगा, सात वर्षांची मुलगी. डिसेंबरातला शनिवार-रविवार, भंडारदऱ्याला एक मुक्काम, घरची पेट्रोल गाडी. खाली दिलेले दर शनिवार-रविवारचे आणि ढोबळ आहेत. गाव, हंगाम आणि गर्दी यांप्रमाणे ते खाली-वर होतात. आपल्याला मिळालेला दर त्या त्या ओळीत घालून बेरीज पुन्हा मांडावी. पद्धत तीच राहील.

कधी जायचं, यावर अर्धा खर्च ठरतो

भंडारदऱ्याचं, म्हणजे प्रवरा नदीवरचं विल्सन धरण १९२६ मध्ये पूर्ण झालं. त्याच्या जलाशयाभोवती शेंडी, मुतखेल, मुरशेत, पांजरे, उडदावणे, रतनवाडी ही गावं आहेत. इथले अनेक गावकरी आपल्याच शेतात तंबू लावतात आणि घरचं जेवण देतात. कळसूबाई, रतनगड, अमृतेश्वराचं मंदिर, सांदण दरी हे सगळं याच परिसरात असल्यामुळे मागणी वर्षभर असते, पण दर वर्षभर सारखा नसतो.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा तंबूचा खरा हंगाम. आकाश स्वच्छ, जमीन कोरडी, डास कमी. रात्री मात्र पारा दहा अंशांच्या आसपास आणि कधी त्याखालीही उतरतो. मे महिन्याच्या अखेरीपासून मोठा पाऊस सुरू होईपर्यंत काजव्यांचे दिवस. तेव्हा शनिवारी गाड्यांच्या रांगा लागतात आणि दर चढतात. ३१ डिसेंबरला तर नेहमीच्या दुप्पट भाव सर्रास सांगितला जातो. सगळ्यात स्वस्त आणि शांत म्हणजे सोमवार ते गुरुवार. सुट्टी जुळत असेल तर तोच तंबू वीस-तीस टक्के कमी दरात मिळतो.

जुलै ते सप्टेंबर तंबूचा विचारच करू नये. भंडारदऱ्यापलीकडचं घाटघर हे महाराष्ट्रातल्या सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांपैकी एक आहे. त्या दिवसांत गावातल्या घरात खोली घ्यावी किंवा पर्यटन विकास महामंडळाचं निवासस्थान बघावं.

तीन वाटा, तीन हिशेब

*पहिली वाट: सगळं कॅम्पवाल्यावर सोपवणं*

तंबू, गादी-पांघरूण, संध्याकाळचा चहा-भजी, रात्रीचं जेवण, शेकोटी आणि सकाळचे पोहे असं सगळं यात येतं. शनिवारचा दर माणशी १,२०० रुपये धरू. पाच ते दहा वर्षांच्या मुलांना बहुतेक ठिकाणी अर्धा दर असतो.

- तीन पूर्ण दर: ३,६०० रुपये
- एक अर्धा दर: ६०० रुपये
- एकूण: ४,२०० रुपये

*दुसरी वाट: सामान भाड्यानं आणून स्वयंपाक स्वतः करणं*

मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक इथे ट्रेकिंगचं सामान भाड्यानं देणारी दुकानं आहेत. भाडं दिवसावर असतं आणि इथेच हिशेब चुकतो: मुक्काम एका रात्रीचा असला तरी शुक्रवारी संध्याकाळी नेलेलं सामान सोमवारी सकाळी परत येतं. दुकानदार दोन दिवस धरतो की तीन, हे आधी विचारावं. इथे दोन धरले आहेत.

- चौघांचा तंबू, दिवसाला ५०० प्रमाणे: १,००० रुपये
- चार स्लीपिंग बॅगा, प्रत्येकी दिवसाला १०० प्रमाणे: ८०० रुपये
- चार कॅरीमॅट, प्रत्येकी दिवसाला ५० प्रमाणे: ४०० रुपये
- छोटी शेगडी, दिवसाला १५० प्रमाणे: ३०० रुपये
- गॅसचा डबा: ३०० रुपये
- गावात तंबू लावायची जागा, संडास आणि पाण्यासह, माणशी १५०: ६०० रुपये
- शिधा: ८०० रुपये
- एकूण: ४,२०० रुपये

म्हणजे पहिल्या वाटेएवढेच! शिवाय सामान आणणं-पोचवणं आणि अडकून पडणारं डिपॉझिट वेगळं. पैसे वाचवण्यासाठी ही वाट धरणाऱ्यांनी हे आधीच ओळखून असावं. स्वतः तंबू ठोकण्यात आणि चुलीपुढे बसण्यात मौज वाटत असेल तरच ती निवडावी.

या वाटेवर बचत होते ती एकाच ठिकाणी. गाडी घरची आहे, तर गोधड्या, चटया, ब्लँकेटं घरूनच न्यावीत आणि फक्त तंबू व शेगडी भाड्यानं घ्यावी. मग १,२०० रुपये वाचतात आणि एकूण ३,००० वर येतं. डिसेंबरच्या थंडीत दोन जाड गोधड्या भाड्याच्या मळकट बॅगेपेक्षा केव्हाही बऱ्या.

*तिसरी वाट: सामान विकत घेणं*

- चौघांचा दुहेरी कापडाचा तंबू: ७,००० रुपये
- चार स्लीपिंग बॅगा, प्रत्येकी १,३००: ५,२०० रुपये
- चार कॅरीमॅट, प्रत्येकी ६००: २,४०० रुपये
- शेगडी: १,४०० रुपये
- एक कंदील-दिवा आणि दोन हेडटॉर्च: १,६०० रुपये
- खाली अंथरायची ताडपत्री: ४०० रुपये
- एकूण: १८,००० रुपये

सामान घरचं झालं तरी दर सहलीला गॅस, जागा आणि शिधा यांचे १,७०० रुपये लागतातच. पहिल्या वाटेच्या तुलनेत एका सहलीमागे २,५०० रुपये वाचतात. १८,००० भागिले २,५०० म्हणजे सात पूर्ण आणि वर थोडं, तर पैसे वसूल व्हायला आठवी सहल उजाडते. वर्षातून दोनदा जाणाऱ्या घराला त्यासाठी चार वर्षं लागतात. तेवढ्या काळात मुलगा बारावीच्या उंबरठ्यावर आलेला असतो आणि तंबू पोटमाळ्यावर.

सगळ्यांना पडणारा खर्च

वरची कोणतीही वाट घेतली तरी पुढच्या ओळी चुकत नाहीत.

- पेट्रोल: जाऊन-येऊन आणि तिथलं फिरणं मिळून ४०० किलोमीटर, लिटरला १५ किलोमीटर, दर १०५ रुपये: २,८०० रुपये
- टोल: ४०० रुपये
- वाटेतली दोन वेळची जेवणं: १,२०० रुपये
- वनविभागाचं शुल्क, नौकाविहार, पार्किंग: ६०० रुपये
- एकूण: ५,००० रुपये

कॅम्पवाल्याचं पॅकेज घेतलं तर ही सहल ९,२०० रुपयांची. घरच्या गोधड्या नेल्या तर ८,००० ची. यावर दहा टक्के हाताशी ठेवावेत: पंक्चर, जादा सरपण, मुलांचं कणीस आणि बर्फाचा गोळा त्यातून निघतात.

ही बेरीज नीट पाहिली तर लक्षात येतं की नुसतं पेट्रोल आणि टोल ३,२०० रुपयांचे आहेत. कॅम्पवाल्याशी घासाघीस करून माणशी शंभर रुपये सुटतात, म्हणजे फार तर चारशे. अंतर निम्म्यावर आणलं तर दीड हजार सुटतात. ठाणेकरांना वैतरणा जलाशयाचा परिसर, पुणेकरांना पवना, पानशेत किंवा मुळशी, नाशिककरांना भंडारदरा ही जवळची ठिकाणं. पहिल्या सहलीला तीच बरी. काही बिघडलं तर रात्रीसुद्धा घर गाठता येतं.

गाडी नसेल तर मुंबईहून रेल्वेनं कसारा किंवा इगतपुरी, पुढे घोटीमार्गे एसटी किंवा वडाप जीपनं शेंडी. एसटीत मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांनाही अर्धं, आणि पंचाहत्तरीपुढे प्रवास मोफत. मात्र परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ गावात उतरल्याबरोबर विचारून ठेवावी. ती चुकली तर स्वतंत्र जीप करण्यात सगळी बचत जाते.

विकत घ्यायचंच असेल तर

तंबूवर लिहिलेली माणसांची संख्या ही खांद्याला खांदा लावून झोपलेल्या माणसांची असते. सामानाला, कूस बदलायला त्यात जागा धरलेली नसते. दोघांसाठी तिघांचा, चौघांसाठी पाच-सहा जणांचा तंबू बघावा. निदान चौघांत दोन लहान मुलं असतील तरच चौघांचा पुरतो.

दुहेरी कापडाचाच घ्यावा: आत जाळीचा, वर पाणी न शिरणारा. एकेरी कापडाच्या स्वस्त तंबूत आपल्याच श्वासाची वाफ पहाटे थेंब होऊन अंगावर पडते. लोकांना वाटतं तंबू गळतो.

कापडावर २,००० मिलिमीटर असा काहीतरी आकडा असतो. तितक्या उंचीचा पाण्याचा स्तंभ ते कापड गळू न देता पेलतं, असा त्याचा अर्थ. अवकाळी सरीसाठी १,५०० ते २,००० पुरतं. पण शिलाईवर आतून पट्टी चिकटवलेली आहे का ते दुकानातच उलटून बघावं, कारण पाणी आधी टाक्यांतून शिरतं.

स्लीपिंग बॅगेवर दोन-तीन तापमानं छापलेली असतात. सगळ्यात कमी असलेला आकडा जीव वाचण्यापुरता असतो, झोप लागण्यासाठी नव्हे. ‘कम्फर्ट’ म्हणून दिलेलं तापमान बघावं. सह्याद्रीतल्या हिवाळ्याला १० अंशांची बॅग आणि कानटोपी पुरेशी आहे. हिमालयासाठीची महाग बॅग इथे घामाघूम करते.

पैसे कमी असतील तर क्रम असा ठेवावा: आधी हेडटॉर्च, मग कॅरीमॅट, मग स्लीपिंग बॅग, सगळ्यात शेवटी तंबू. थंडी वरून लागते त्याहून जास्त जमिनीतून लागते, म्हणून बॅगेच्या आधी मॅट. शिवाय पहिल्या तिन्ही वस्तू रेल्वेच्या प्रवासात, पाहुणे आले की, दिवे गेले की घरात वापरल्या जातात. तंबू दुसऱ्या कशालाच उपयोगी पडत नाही.

एक खर्च बिलावर दिसत नाही, तो निगराणीचा. दमट हवेत ओला तंबू गुंडाळून ठेवला की आठवड्यात बुरशी धरतो आणि आतला पाणीरोधक लेप चिकट होऊन सुटतो. गच्चीत किंवा गॅलरीत सावलीत पूर्ण वाळवायला जागा नसेल, तर विकत न घेणंच शहाणपणाचं.

चूल, शिधा आणि पाणी

गॅसचा २३० ग्रॅमचा डबा साधारण पंधरा लिटर पाणी उकळतो. चौघांचा दोन वेळचा चहा, मसालेभात आणि सकाळचे पोहे एवढ्याला तो पुरून उरतो. वारा लागला की ज्वाला वाया जाते, म्हणून शेगडीभोवती पत्र्याचा आडोसा करावा, पण डब्याला सगळीकडून घेरू नये. डबा तापणं धोक्याचं.

रेल्वेनं जाणाऱ्यांनी हे नीट वाचावं: गॅसचे डबे, रॉकेल, पेट्रोल यांसारख्या ज्वालाग्राही वस्तू रेल्वेतून नेणं गुन्हा आहे. रेल्वे कायद्याप्रमाणे तीन वर्षांपर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. एसटीतही ते नेऊ नयेत. अशा वेळी गावातल्याच घरी जेवण सांगावं. पिठलं-भाकरी, ठेचा, भात-आमटी असं ताट दीड-दोनशे रुपयांत मिळतं आणि पैसे गावातच राहतात.

शिधा घरून मोजून न्यावा. तांदूळ-डाळ-मसाला एका पिशवीत, पोहे दुसऱ्या पिशवीत, चहा-साखर तिसऱ्या. पहिल्या दिवसासाठी दशम्या किंवा तिखटमिठाच्या पुऱ्या आणि कोरडी चटणी. यामुळे वाटेतलं एक जेवण वाचतं, म्हणजे सहाशे रुपये सरळ खिशात. गूळ-शेंगदाणे भरपूर न्यावेत.

पाणी माणशी दिवसाला चार-पाच लिटर धरावं: पिणं, रांधणं आणि भांडी मिळून. चौघांना वीस लिटरचा जार बेताचा होतो. जलाशयाचं पाणी कितीही नितळ दिसलं तरी उकळल्याशिवाय पिऊ नये.

ॲडव्हान्स भरण्यापूर्वी विचारायचे प्रश्न

फोनवर पाच मिनिटं घालवून पुढचं विचारावं आणि उत्तरं व्हॉट्सॲपवर लिहून मागावीत. लिहून द्यायला जो टाळाटाळ करतो, त्याला पैसे पाठवू नयेत.

१. सांगितलेला दर शनिवारचा आहे की मधल्या वारचा? कर धरून आहे का? मुलांचं वय कोणत्या तारखेला मोजता?

२. एका तंबूत किती जण? चौघांना एकच तंबू देणार की दोन? दोन हवे असतील तर जादा पैसे किती?

३. तंबूंची एकूण संख्या किती आणि संडास किती? दहा तंबूंना दोन संडास असतील तर सकाळी रांग ठरलेली. आत दिवा, कडी आणि पाणी आहे का, हे स्पष्ट विचारावं.

४. पॅकेजमध्ये काय नाही? पाण्याच्या बाटल्या, दुसऱ्या वेळचं सरपण, मांसाहार, नौकाविहार, पार्किंग यांचे पैसे इथेच निघतात.

५. जागा कुणाच्या सातबाऱ्यावरची आहे? स्वतःची शेती असेल तर प्रश्न नाही. वनजमीन किंवा जलसंपदा खात्याची धरणाकाठची जमीन असेल तर कारवाई झाल्यास रात्री उठून जायची वेळ आपल्यावर येते.

६. रात्री दहानंतर गाणी बंद असतात का? ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही. कुटुंब घेऊन जाणाऱ्यांनी या प्रश्नाचं उत्तर ऐकूनच जागा ठरवावी.

७. कयाक, झिपलाइन असं काही आहे का? ऑगस्ट २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार असे उपक्रम चालवणाऱ्यांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी सक्तीची आहे. नोंदणीच्या प्रमाणपत्राचा फोटो मागावा.

८. आम्ही रद्द केलं तर किती परत? पावसामुळे किंवा बंदीमुळे तुम्ही रद्द केलं तर किती परत?

ॲडव्हान्स तीस टक्क्यांपेक्षा जास्त देऊ नये. पैसे पाठवताना खात्यावर येणारं नाव आणि कॅम्पचं नाव जुळतं का ते बघावं. देखण्या फोटोंची खोटी पानं तयार करून पूर्ण रक्कम आधी मागणारे ठग हंगामात उगवतात. तसं झालंच तर क्षणाचाही वेळ न दवडता १९३० या सायबर फसवणुकीच्या क्रमांकावर कळवावं. लवकर कळवलं तर रक्कम गोठवली जाण्याची शक्यता राहते.

परवानग्या आणि दंड

भंडारदऱ्याचा बराचसा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. अभयारण्यात शिरायला परवाना लागतो आणि तिथे आग लावणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे. नाक्यावर माणशी आणि गाडीमागे शुल्क भरून पावती घ्यावी. पावती न देता पैसे मागितले तर देऊ नयेत. ‘रानात कुठेही तंबू टाकू’ हा बेत इथे चालत नाही. तंबू गावाच्या खासगी जागेतच, शेकोटी तिथल्याच ठरलेल्या जागी आणि सरपण गावकऱ्याकडून विकत. मोळीचे दीड-दोनशे रुपये द्यावेत, झाडाची फांदी तोडू नये.

गडांवरही हेच. अनेक गड संरक्षित स्मारकं आहेत. तिथे मुक्कामाला, चूल पेटवायला मनाई असू शकते आणि नियम बदलतही असतात. निघण्याआधी वनविभागाच्या किंवा पुरातत्त्व खात्याच्या स्थानिक कार्यालयात चौकशी करावी. काजव्यांच्या दिवसांत झाडाखाली टॉर्च आणि गाडीचे दिवे मारू नयेत. उजेडामुळे नर-मादींना एकमेकांचे इशारे दिसत नाहीत आणि त्यांच्या मीलनाचे मोजकेच दिवस वाया जातात.

थर्माकोलच्या ताटल्या आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या घरीच ठेवाव्यात. महाराष्ट्रात २०१८ पासून त्यांवर बंदी आहे आणि पहिल्याच वेळी पाच हजारांचा दंड आहे. म्हणजे या सहलीचं अर्धं अंदाजपत्रक. स्टीलची ताटं न्यावीत, कचऱ्याची पिशवी परत आणावी.

इथे काटकसर नको

पहिली गोष्ट पाणी. धरणाच्या जलाशयाचा काठ नदीच्या वाळवंटासारखा हळूहळू उतरत नाही. गाळ, बुडालेले बांध आणि एकाएकी खोल जागा असतात. लाइफ जॅकेट नसलेल्या नावेत बसू नये, मुलांना काठावर एकटं सोडू नये आणि रात्री पाण्यात उतरायचंच नाही.

दुसरी गोष्ट धूर. थंडी आहे म्हणून शेगडी किंवा निखाऱ्याचं घमेलं बंद तंबूत घेऊ नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच माणूस जातो.

तिसरी गोष्ट साप. नाग, मण्यार, घोणस, फुरसे हे चारही विषारी साप सह्याद्रीत आहेत. तंबूची चेन कायम बंद, खरकटं तंबूपासून लांब (त्यामागे उंदीर आणि उंदरामागे साप येतो), रात्री टॉर्चशिवाय पाऊल नाही, सकाळी बूट झटकून घालायचे. जवळचं ग्रामीण रुग्णालय कुठे आहे आणि तिथे सर्पदंशावरचं प्रतिविष आहे का, हे पोचल्यावर पहिल्यांदा विचारावं. १०८ ची रुग्णवाहिका मोफत आहे. दंश झाल्यास अवयव न हलवता थेट रुग्णालय. मांत्रिक नाही, चिरा देणं नाही, करकचून बांधणं नाही.

चौथी गोष्ट रोख रक्कम. दरीखोऱ्यांत मोबाइलला रेंज नसते आणि रेंज नसली की यूपीआयही नसतं. सुट्ट्या नोटांत दोन हजार जवळ असावेत. नकाशा आधीच उतरवून घ्यावा.

वचन पाळलं नाही तर

दोन तंबू सांगून एकच दिला, गरम पाणी नाही, जेवण अपुरं: असं झालं तर तिथेच फोटो काढावेत आणि तक्रार व्हॉट्सॲपवर लिहून पाठवावी. जाहिरातीचा स्क्रीनशॉट आधीपासून जपून ठेवलेला असावा. बिल मागून घ्यावं.

परत आल्यावर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. तेवढ्यानं मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, त्यासाठी कॅम्पच्या जिल्ह्यात खेटे घालावे लागत नाहीत. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, अर्ज ऑनलाइन करता येतो. मुदत दोन वर्षांची. ‘पैसे कोणत्याही परिस्थितीत परत मिळणार नाहीत’ असं पावतीवर छापलं म्हणजे विषय संपला, असं नसतं. एकतर्फी अटी अन्याय्य ठरवण्याचा मार्ग या कायद्यात आहे.

निघण्याआधीचा आठवडा

शनिवारच्या आठ दिवस आधी जागा पक्की करावी. बुधवारी हवामानाचा अंदाज बघावा; वादळी पावसाचा इशारा असेल तर तारीख पुढे ढकलावी. शुक्रवारी संध्याकाळी भाड्याचा तंबू आणून घरात किंवा गच्चीत एकदा उभा करून बघावा: काठ्या मोडक्या नाहीत ना, मेखा पुरेशा आहेत ना, चेन चालते ना. त्याच दिवशी गाडीची हवा, स्टेपनी आणि औषधांची पिशवी. शनिवारी सकाळी लवकर निघून दुपारी तीनपर्यंत जागेवर पोचावं. अंधारात तंबू लावणाऱ्याला उताराची जागा आणि मुंग्यांचं वारूळ दोन्ही दिसत नाहीत.

निवाडा

पहिल्यांदा जाणाऱ्या कुटुंबानं गावकऱ्याच्या शेतातलं पॅकेज घ्यावं, शक्यतो मधल्या वारी, आणि घरापासून शंभर किलोमीटरच्या आत. मुलांना गोडी लागली तर दुसऱ्या-तिसऱ्या वेळी तंबू भाड्यानं आणि गोधड्या घरच्या. वर्षाला चार रात्री तंबूत काढायची सवय खरोखर लागली, तर दोन वर्षांत पैसे वसूल होतात. मग तंबू जरूर घ्यावा. त्याआधी घेतलेला तंबू ही हौस आहे, बचत नाही. आणि कोणतीही वाट धरली, तरी माणशी दराला चारानं गुणून थांबू नका. त्यात पेट्रोल, टोल आणि वाटेतली जेवणं मिळवल्याशिवाय ॲडव्हान्स पाठवू नका.